उत्तरा बावकर आणि समांतर सिनेमातील चरित्र अभिनेत्री

हिंदी बोलपटातील आईची प्रतिमा ज्या अभिनेत्रींनी घडवली, त्यांत मराठी स्त्रियांचा वाटा इतका मोठा आहे की त्यांना बाजूला ठेवून त्या प्रतिमेचा इतिहास लिहिताच येणार नाही. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या चित्रपटात तारामती साकारणाऱ्या दुर्गा खोटे १९६० साली ‘मुघल-ए-आझम’मध्ये सलीमची आई झाल्या. ‘कंगन’ आणि ‘बंधन’ या चित्रपटांत अशोककुमारांच्या नायिका असलेल्या लीला चिटणीस ‘आवारा’त (१९५१) परित्यक्ता माता म्हणून दिसल्या आणि पुढे दीर्घकाळ तशाच भूमिकांत राहिल्या. मराठीत ‘वहिनीच्या बांगड्या’सारख्या चित्रपटाने घराघरांत पोहोचलेल्या सुलोचना हिंदीत सोशिक आई म्हणून ओळखल्या गेल्या, तर ललिता पवार यांच्या वाट्याला प्रामुख्याने खाष्ट सासूचे रूप आले. या सर्व कारकिर्दींना एक समान क्रम होता. अभिनेत्री आधी नायिका असे, वय वाढले की ती बहीण, वहिनी किंवा आई होई, आणि या उतरणीवरच्या कामाला व्यवसायाच्या भाषेत ‘चरित्र भूमिका’ म्हणत, म्हणजे नायक-नायिकेच्या जोडीबाहेरची, पण कथानकाला आधार देणारी भूमिका. कथेतील भावनिक आणीबाणी या व्यक्तिरेखांभोवती घडे, मात्र त्यांना स्वतःचा विचार, स्वतःचा स्वार्थ किंवा स्वतःची चूक असण्याची मुभा पटकथा क्वचितच देई.

१९६९ नंतर हा क्रम एका वेगळ्याच दिशेने मोडला. केंद्र सरकारने १९६० साली स्थापन केलेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने कमी खर्चाच्या चित्रपटांना कर्जे देण्यास सुरुवात केल्यावर मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ (१९६९) आला, आणि त्यापाठोपाठ ज्याला पुढे समांतर सिनेमा म्हटले गेले तो, म्हणजे तारकांची प्रसिद्धी, गाण्यांचे चित्रीकरण आणि वितरकांच्या अटी यांपासून दूर राहून उभा केलेला स्वतंत्र चित्रपट, आकाराला येऊ लागला. त्याच्या दिग्दर्शकांविषयी आणि छायालेखकांविषयी विपुल लिहिले गेले आहे. मोठी फौज, महागडे सेट आणि अनेकदा पुरेसे चित्रीकरणाचे दिवसही हाताशी नसताना हे चित्रपट ज्यांच्या चेहऱ्यांवर उभे राहिले, त्या मध्यमवयीन अभिनेत्रींविषयी मात्र फार थोडे लिहिले गेले. या अभिनेत्री चित्रपटाच्या उतरणीवरून आल्या नव्हत्या. त्या रंगभूमीवरून आल्या होत्या, तिथे त्या नायिका होत्या, आणि पडद्यावर पहिल्यापासूनच आई, मावशी, विधवा किंवा शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या. त्या पिढीचा इतिहास समजून घेण्यासाठी उत्तरा बावकर (१९४४–२०२३) यांची कारकीर्द सर्वांत उपयोगी पडते, कारण समांतर सिनेमाला पोसणाऱ्या तिन्ही सार्वजनिक संस्था, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन, त्या एकाच कारकिर्दीत एकत्र येतात.

मराठीत या वाटेची पहिली ठळक खूण सुलभा देशपांडे यांच्या नावावर आहे. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आणि श्रीराम लागू यांच्या ‘रंगायन’मध्ये घडलेल्या या अभिनेत्रीने १९६७ साली तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील लीला बेणारे उभी केली, आणि सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली त्याच नाटकाचा चित्रपट केला तेव्हा गोविंद निहलानी यांच्या कॅमेऱ्यासमोर तीच भूमिका तिने पुन्हा केली. रंगमंचावर सिद्ध झालेली भूमिका आणि अभिनेत्री जशीच्या तशी चित्रपटात आणणे हा पैशाच्या टंचाईवरचा उपाय तर होताच, शिवाय त्यात एक कलात्मक निवडही होती. पुढे श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’मध्ये (१९७७) सुलभाताई स्मिता पाटील यांच्या आईच्या भूमिकेत दिसतात, त्या वेळी त्यांचे वय अवघे चाळीस होते. याच काळात पती अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांच्यासह त्या ‘आविष्कार’ ही संस्था चालवत होत्या आणि दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांची चळवळ उभी राहत होती. त्यांच्या चित्रपटांतील छोट्या भूमिकांमागे असा सगळा व्याप होता, आणि चित्रपटाचा इतिहास केवळ चित्रपटांतून वाचणाऱ्याला तो दिसत नाही.

उत्तरा बावकर यांची जडणघडण मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीऐवजी दिल्लीत झाली. १९५९ साली स्थापन झालेले राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९६२ पासून इब्राहिम अल्काझी यांच्या हाती होते. अभिनयाबरोबर नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा आणि रंगभूषा यांचे शिक्षण सक्तीचे करणारी, ग्रीक शोकांतिकेपासून संस्कृत नाटकापर्यंतचा पट विद्यार्थ्यांपुढे ठेवणारी आणि शिस्तीच्या बाबतीत कसलीही सवलत न देणारी त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. बावकर १९६८ साली तेथून पदवीधर झाल्या. मराठी मातृभाषेच्या विद्यार्थिनीला तेथे हिंदी आणि उर्दूचे उच्चार अक्षरशः नव्याने कमवावे लागत, कारण विद्यालयाची रंगभाषा हिंदुस्तानी होती. पुढे मराठी, हिंदी आणि राजस्थानी वळणाची बोली या सगळ्यांत त्यांचा आवाज सारख्याच सहजतेने वावरतो, त्याचे मूळ या कमाईत आहे.

पदवीनंतरचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. विद्यालयाने १९६४ साली स्वतःची रेपर्टरी कंपनी सुरू केली होती. रेपर्टरी म्हणजे मासिक वेतनावर नेमलेल्या नटांचा कायमस्वरूपी संच, ज्याच्याकडे एकाच वेळी अनेक नाटके तयार असतात आणि जो ती आलटून पालटून सादर करतो. मराठी व्यावसायिक रंगभूमीवर नटाला प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळे आणि एक नाटक चालले की तेच वर्षानुवर्षे करावे लागे, तर प्रायोगिक रंगभूमीवर बहुतेक जण दिवसा बँकेत, शाळेत किंवा सरकारी कचेरीत नोकरी करून संध्याकाळी तालमीला येत. दिल्लीच्या रेपर्टरीतील नटाला मात्र अभिनय हीच नोकरी होती. एका आठवड्यात शेक्सपिअर आणि दुसऱ्या आठवड्यात लोकनाट्य करण्याची, आज तरुणी आणि उद्या वृद्धा होण्याची सक्ती त्या नोकरीत होती. बावकर यांनी तेथे ‘ऑथेल्लो’तील डेस्डेमोना केली, ‘मुख्यमंत्री’तील पद्मावती केली, गिरीश कर्नाड यांच्या ‘तुघलक’मधील सुलतानाची सावत्र आई केली, सुरेंद्र वर्मा यांच्या ‘छोटे सैयद बडे सैयद’मधील नर्तकी केली, आणि ‘मेना गुर्जरी’ व ‘उमराव जान’ या नाटकांत तर त्या मध्यवर्ती होत्या. १९७८ साली जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’चे कुसुम कुमार यांनी केलेले हिंदी रूपांतर त्यांनी दिग्दर्शित केले. मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या वृद्ध दांपत्याचे हे नाटक एका चौतिशीतल्या स्त्रीने दिग्दर्शनासाठी निवडावे, यातून वार्धक्याकडे केवळ रंगभूषेचा विषय म्हणून न पाहण्याची तिची वृत्ती दिसते. १९८४ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तो या रंगकार्यासाठी. चित्रपटातील त्यांची मोठी कामे तेव्हा अजून व्हायचीच होती.

येथे समांतर सिनेमाच्या अर्थकारणाविषयी एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवायला हवी. या चित्रपटांना कर्ज किंवा भांडवल कोणी दिले याचा हिशेब नेहमी मांडला जातो, पण त्यातील अभिनयाचे भांडवल कोणी पुरवले हे क्वचित विचारले जाते. चित्रपटाच्या अंदाजपत्रकात दीर्घ तालमींसाठी पैसा नसे. आणि तरीही पहिल्या दिवशी सेटवर येणारी अभिनेत्री संपूर्ण तयार असे, कारण तिची तयारी वीस वर्षे आधी, दुसऱ्याच एका सार्वजनिक संस्थेच्या खर्चाने किंवा हौशी-प्रायोगिक मंडळींच्या पदरमोडीने झालेली असे. रंगभूमीने चित्रपटाला दिलेले हे अनुदान कोणत्याही ताळेबंदात दाखवलेले नाही. मिळालेल्या मानधनाशी त्याचा मेळ बसत नाही, आणि श्रेयाच्या बाबतीत तर मुळीच बसत नाही.

या अनुदानाचा पुरावा राष्ट्रीय पुरस्कारांच्या नोंदीत सापडतो. सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा स्वतंत्र राष्ट्रीय पुरस्कार १९८४ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला. पहिला पुरस्कार रोहिणी हट्टंगडी यांना महेश एलकुंचवार यांच्या नाटकावर आधारलेल्या, गोविंद निहलानी यांच्या ‘पार्टी’साठी मिळाला. दुसरा विजया मेहता यांना, त्यांनीच जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’वरून दिग्दर्शित केलेल्या ‘रावसाहेब’साठी मिळाला. तिसरा ओडिया चित्रपटाकडे गेला. चौथा सुरेखा सिक्री यांना ‘तमस’साठी आणि पाचवा उत्तरा बावकर यांना ‘एक दिन अचानक’साठी मिळाला. पहिल्या पाच वर्षांत तीन मराठी अभिनेत्री येतात. हट्टंगडी, सिक्री आणि बावकर या तिघी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या आहेत, विजयाबाईही मुंबईत अल्काझींच्या हाताखाली शिकलेल्या आहेत, आणि दोन चित्रपटांची मुळे थेट मराठी नाटकात आहेत. त्याच सुमारास, ‘सारांश’मध्ये (१९८४) हट्टंगडी यांनी वयाच्या जेमतेम तेहतिसाव्या वर्षी मुलगा गमावलेल्या वृद्ध आईची भूमिका केली होती. वय हा चेहऱ्याचा नव्हे तर कौशल्याचा भाग आहे, ही रंगभूमीची जुनी धारणा या पिढीने कॅमेऱ्यासमोर आणली.

‘एक दिन अचानक’ (१९८९) या चित्रपटाकडे थोडे थांबून पाहायला हवे. रमापद चौधुरी यांच्या बंगाली कादंबरीवर आधारलेला आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ व दूरदर्शन यांच्या पैशातून उभा राहिलेला हा हिंदी चित्रपट मृणाल सेन यांनी कलकत्त्यात घडवला. पावसाने शहर तुंबलेल्या एका संध्याकाळी निवृत्त प्राध्यापक घराबाहेर पडतो आणि परत येत नाही. श्रीराम लागू यांनी साकारलेला हा प्राध्यापक फारसा दिसत नाही, दिसते ते मागे उरलेले कुटुंब, म्हणजे पत्नी, दोन मुली आणि एक मुलगा. कोणाचे तरी बाहेर असणे आणि घराने त्याची वाट पाहणे ही रचना सेन यांनी ‘एक दिन प्रतिदिन’मध्ये (१९७९) आधी वापरली होती. तेथे नोकरी करणारी मुलगी एका रात्री घरी येत नाही आणि सकाळी परत येते. येथे परत येणे नाही. त्यामुळे शोधाची धावपळ संपली की चित्रपट त्या माणसाच्या पुनर्मूल्यांकनाकडे वळतो, आणि घरातल्यांच्या डोळ्यांसमोर त्याची विद्वान म्हणून असलेली उंची हळूहळू कमी होत जाते.

या रचनेत पत्नीचे स्थान सर्वांत अवघड आहे. मुली शिकलेल्या आहेत, त्या वडिलांविषयी वाद घालू शकतात, त्यांच्या लेखनाविषयी मत देऊ शकतात, त्यांच्या तरुण विद्यार्थिनीशी असलेल्या संबंधाविषयी तर्कही करू शकतात. पत्नीने त्या माणसाबरोबर संसार केला आहे, पण त्याच्या अभ्यासिकेच्या आतले जग तिला कधीच खुले झालेले नाही, आणि आता सगळे तिच्याकडे पाहत आहेत ते तिला ठाऊक असेल अशा अपेक्षेने. बावकर यांनी हा अपमान आणि ही काळजी एकाच देहबोलीत मांडली आहे. पहिल्या भागात त्या सतत काही ना काही घरकाम हाती घेऊन असतात, आणि दिवस उलटतात तसे ते हात रिकामे होत जातात. त्यांचा राग मुलांवर निघतो, पण तो मुलांसाठी नाही हे प्रेक्षकाला कळत राहते. व्यावसायिक चित्रपटातील आईला अशा प्रसंगी देवापुढे उभे करून मोठा आक्रोश देण्याची रीत होती. येथे रडणे फार कमी आहे आणि चिडचिड पुष्कळ आहे. आपल्याला सोडून गेलेल्या माणसाविषयी एकाच वेळी काळजी वाटावी आणि संताप यावा, ही मध्यमवर्गीय गृहिणीच्या मनाची स्थिती हिंदी पडद्यावर याआधी इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच आली असेल.

शबाना आझमी या चित्रपटात बावकर यांच्या थोरल्या मुलीच्या भूमिकेत आहेत. दोघींच्या वयात प्रत्यक्षात सहाच वर्षांचे अंतर होते. हे अंतर कोठेही जाणवत नाही, आणि त्यासाठी पांढऱ्या केसांचा टोपही पुरेसा झाला नसता. बसताना आधी हात टेकण्याची, उत्तर देण्याआधी क्षणभर उशीर करण्याची, वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडण्याची जी लकब बावकर धारण करतात, ती रेपर्टरीतल्या वर्षांची कमाई आहे. रंगमंचावर तीच लकब शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्यासाठी वाढवावी लागते. कॅमेऱ्यासमोर ती कमी करावी लागते, आणि नाटकातून आलेल्या अनेक नामवंत नटांना ही कपात शेवटपर्यंत साधली नाही. बावकर यांना ती पहिल्या महत्त्वाच्या चित्रपटातच साधलेली दिसते, हे त्यांच्या कलेचे मर्म मानावे लागेल.

ही कपात म्हणजे केवळ दबका अभिनय नव्हे हे गोविंद निहलानी यांच्या ‘रुक्मावती की हवेली’त (१९९१) सिद्ध झाले. स्पॅनिश नाटककार लोर्का यांचे ‘द हाउस ऑफ बर्नार्डा आल्बा’ हे नाटक निहलानी यांनी राजस्थानातील हवेलीत नेले, आणि पतीच्या मृत्यूनंतर पाच मुलींना भिंतींच्या आत कोंडणाऱ्या विधवेची, रुक्मावतीची, भूमिका बावकर यांना दिली. किटू गिडवाणी, पल्लवी जोशी, इला अरुण आणि ज्योती सुभाष यांच्यासह जवळजवळ संपूर्ण नटसंच स्त्रियांचा असलेल्या या चित्रपटात पुरुषसत्तेची सगळी दहशत एका स्त्रीच्याच तोंडून आणि चालीतून प्रकट होते. येथे त्यांचा आवाज रंगमंचाच्या ताकदीने वापरला आहे, आणि तो तसा वापरणे योग्यही आहे, कारण रुक्मावती स्वतःच आपल्या घरात एक प्रयोग सादर करत असते. गावापुढे घराण्याच्या अब्रूचा. ज्या अभिनेत्रीला इतर ठिकाणी सहायक म्हटले गेले, तिच्या खांद्यावर संपूर्ण चित्रपट पेलण्याची ताकद होती याचा पडद्यावरचा हा सर्वांत स्पष्ट दाखला आहे. असे चित्रपट तिच्या वाट्याला आणखी यायला हवे होते. ते आले नाहीत, आणि ही उणीव तिची नसून चित्रपटसृष्टीची आहे.

दूरदर्शनने या पिढीला जो प्रेक्षक मिळवून दिला, तो चित्रपटगृहांनी कधीच दिला नसता. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवर निहलानी यांनी केलेला ‘तमस’ १९८८ च्या सुरुवातीला मालिकारूपाने घराघरांत पोहोचला आणि त्यातही बावकर होत्या. पाठोपाठ कविता चौधरी यांच्या ‘उडान’ मालिकेत, पोलीस अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलीच्या आईच्या भूमिकेत, त्या देशभर ओळखीच्या झाल्या. एकच राष्ट्रीय वाहिनी असण्याच्या त्या काळात समांतर चित्रपटांनाही दूरदर्शनवर वेळ मिळे, आणि ज्या गावात असा चित्रपट कधी थिएटरला लागला नसता तेथेही तो पाहिला जाई. १९९० च्या दशकात खासगी वाहिन्या आल्या, मालिकांची लांबी वाढली, आणि हा दुवा सैल होत गेला. दिल्लीच्या रेपर्टरीतून निघालेल्या कलावंतांना रोजच्या मालिकांत काम आणि पैसा मिळाला, मात्र ज्या प्रकारच्या लेखनासाठी त्यांची तयारी झाली होती ते लेखन तेथे उरले नाही.

बावकर यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध म्हणूनच पुण्याशी आणि मराठीशी जोडला गेला. कर्वे समाजसेवा संस्थेत अध्यापन केलेल्या समाजशास्त्रज्ञ सुमित्रा भावे वस्तीतील स्त्रियांवरच्या संशोधनातून चित्रपटाकडे आल्या होत्या. संशोधनाचे निष्कर्ष ज्या स्त्रियांविषयी आहेत त्यांनाच ते वाचता येत नाहीत, या अडचणीतून त्यांचा ‘बाई’ (१९८५) हा पहिला लघुपट जन्मला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेले सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी केलेला पहिला कथापट ‘दोघी’ (१९९५) राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्या साहाय्याने झाला. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेल्या दोन बहिणींची ही कथा आहे. थोरलीच्या लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाला अपघात होतो, नवरा मुलगा दगावतो, ती अपशकुनी ठरते, वडील अंथरुणाला खिळतात, आणि घर जगवण्यासाठी तिला मुंबईला पाठवले जाते, जेथे ती देहविक्रयात ढकलली जाते.

या कथेत खलनायक शोधणे सोपे आहे, पण चित्रपटाचा खरा भार बावकर यांनी केलेल्या आईवर आहे. मुलीला कोठे पाठवले जात आहे हे या आईला पुरते ठाऊक नाही, आणि ते ठाऊक करून घेण्याची हिंमतही तिच्यात नाही. मुंबईहून येणाऱ्या पैशावर चूल पेटते. ते पैसे घेताना ती प्रश्न विचारत नाही. पुढे मुलगी परतल्यावर त्याच आईला तिला जवळ करणे जड जाते. उपाशी कुटुंबातील स्त्रीचा हा अपराधभाव आणि त्यावर चढवलेला कर्मठपणा बावकर यांनी कोठेही माफ केलेला नाही, आणि त्याचा निवाडाही केलेला नाही. डोक्यावरचा पदर, चुलीपुढे आखडून बसणे, समोरच्याकडे न बघता बोलणे अशा बारीक गोष्टींतून ती स्त्री खेड्यातली वाटते. दिल्लीच्या रंगमंचावर उमराव जान केलेली ही अभिनेत्री आहे याची आठवणसुद्धा होत नाही. सामाजिक विषयावरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘दोघी’ला मिळाला.

‘वास्तुपुरुष’मध्ये (२००२) ती आई वरच्या थरात सरकते. कूळकायदा आणि जमीनधारणेच्या कायद्यांनंतर वैभव ओसरलेल्या एका वाड्यात पुरुष भूतकाळात अडकलेले असताना सरस्वती नावाची गृहिणी मुलाने डॉक्टर व्हावे आणि घराण्याने गावावर केलेल्या अन्यायाची भरपाई सेवेने करावी असा ध्यास घेते. नामवंत डॉक्टर होऊन परतलेल्या मुलाची उत्तरायुष्यातील भूमिका नाटककार महेश एलकुंचवार यांनी केली आहे, आणि वाड्याच्या ऱ्हासावर ‘वाडा’ नाट्यत्रयी लिहिणारा लेखक त्या पडक्या चौकात उभा असलेला पाहणे मराठी प्रेक्षकाला पुष्कळ काही सांगून जाते. सरस्वतीच्या ध्यासाला बावकर यांनी श्रद्धेपेक्षा हट्टाचा रंग अधिक दिला आहे. ती भली आहे म्हणून नव्हे, तर तिला हिशेब कळतो म्हणून ती बदल घडवते. मराठी चित्रपटातील माजघरात बसून इतका लांबचा विचार करणारी स्त्री त्यापूर्वी फारशी दिसलेली नाही. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

यानंतरच्या भूमिका लहान-मोठ्या आहेत आणि सगळ्या सारख्या तोलाच्या नाहीत. बिपिन नाडकर्णी यांचा ‘उत्तरायण’ दळवींच्या ‘दुर्गी’वर आधारलेला होता, त्यामुळे ‘संध्याछाया’च्या दिग्दर्शिकेची त्या लेखकाशी पुन्हा गाठ पडली. भावे-सुकथनकर यांच्या ‘नितळ’मध्येही त्या होत्या, आणि २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या पार्श्वभूमीवरील ‘हा भारत माझा’त विक्रम गोखले यांच्यासह त्यांनी मध्यमवर्गीय दांपत्य रंगवले. नागेश कुकुनूर यांच्या ‘डोर’मध्ये (२००६) त्या राजस्थानी हवेलीतील आजी आहेत. ‘रुक्मावती’नंतर पंधरा वर्षांनी पुन्हा हवेली आणि पुन्हा विधवा, पण या वेळी घराला कोंडणाऱ्या जागी त्या नाहीत, तरुण विधवेचे दुःख ओळखणाऱ्या, स्वतः तेच भोगलेल्या वृद्धेच्या जागी त्या आहेत. दोन्ही चित्रपट जवळजवळ ठेवून पाहिले तर एकच अभिनेत्री सत्ता आणि करुणा या दोन टोकांना किती कमी साधनांनी जाते, ते लक्षात येते.

या वाटेवर त्या एकट्या नव्हत्या. ज्योती सुभाष याही राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेल्या. ‘वळू’ (२००८), ‘विहीर’ आणि ‘देऊळ’ (२०११) या उमेश कुलकर्णी यांच्या चित्रपटांतून त्यांनी ही परंपरा पुढच्या पिढीच्या दिग्दर्शकांपर्यंत नेली. त्यांच्या कन्या अमृता सुभाष यांनी त्याच विद्यालयात शिक्षण घेतले आणि भावे-सुकथनकर यांच्या ‘अस्तु’साठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. ‘अस्तु’तही एक प्राध्यापक हरवतो. स्मृती गमावत चाललेला, मोहन आगाशे यांनी साकारलेला संस्कृतचा पंडित रस्त्यातल्या हत्तीमागे चालत निघून जातो, आणि माहुताची बायको त्याला आईच्या मायेने सांभाळते. ‘एक दिन अचानक’शी असलेले या कथासूत्राचे साम्य योगायोगाचेही असेल, परंतु पंचवीस वर्षांच्या अंतराने सहायक अभिनेत्रीला मिळालेले दोन पुरस्कार घर सोडून गेलेल्या प्राध्यापकांच्या कथांनी दिले, आणि दोन्ही ठिकाणी त्या विद्वानाचे मोजमाप विद्येच्या बाहेर उभ्या असलेल्या स्त्रीने केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्यात वयाच्या ७९ व्या वर्षी उत्तरा बावकर यांचे निधन झाले. अभ्यासकापुढे त्यांच्या कामाचा जो ऐवज उरला आहे, त्यात एक मूलभूत विषमता आहे. त्यांच्या मध्यवर्ती भूमिका रंगमंचावर झाल्या, त्या काळात प्रयोगांचे सलग चित्रमुद्रण आजच्याइतके सहज होत नसे, त्यामुळे डेस्डेमोना, मेना आणि उमराव यांच्यासाठी छायाचित्रे, जाहिरातपत्रके, वर्तमानपत्री परीक्षणे आणि सहकाऱ्यांच्या आठवणी यांवरच विसंबावे लागते. उलट सहायक म्हणून नोंदलेल्या भूमिका चित्रफितीवर शाबूत आहेत. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले, म्हणजे ‘एक दिन अचानक’ आणि ‘दोघी’ ज्या महामंडळाच्या पैशातून झाले त्याच्याकडेच आता चित्रपट जपण्याचीही जबाबदारी आली आहे. रेपर्टरीची दप्तरे मात्र दिल्लीत वेगळ्या संस्थेकडे आहेत आणि ‘आविष्कार’सारख्या मंडळांचे कागद खासगी हातांत आहेत. सुलभा देशपांडे, रोहिणी हट्टंगडी, ज्योती सुभाष आणि उत्तरा बावकर यांच्या पडद्यावरील कामाचा अभ्यास करणाऱ्याला ही दप्तरे त्या चित्रपटांशेजारी मांडून, कोणत्या वर्षी कोणती भूमिका रंगमंचावर चालू असताना कोणता चित्रपट झाला, हे तपासावे लागेल. तसे काम मराठीत अजून पुष्कळ व्हायचे आहे.